कोटाचं वजन वजा जाता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, बूट दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, एक लांबट खोलीचं दुकान आहे. पुढे काचेचं दार, दारामागे जुनं पायमशीन आणि त्यामागे भिंतीला टेकून पाच खुर्च्या, एकीचं दुसरीशी नातं नसलेल्या. दारावर पाटी आहे, ‘फक्त दुरुस्ती. नवीन शिवत नाही.’ आत बसणाऱ्या माणसाला सगळे उसव्या मास्तर म्हणतात, कारण त्यांचा निम्मा दिवस दुसऱ्यांनी घातलेले टाके उसवण्यात जातो. तोंडावर अर्थात नुसतं मास्तर.

त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बसून मी फक्त लेबलं लिहिली, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. तेव्हा माणसाचं वर्णन मला कितपत जमेल कोण जाणे. शिवाय ज्याच्यावर मी सात महिने संशय घेतला त्याच्याबद्दल मीच लिहावं का, हाही प्रश्न आहे. संशय अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात माझ्या बायकोच्या आजारापासून करावी लागेल. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते सोडून देतो. रक्ताचा आजार, बरा होण्यासारखा, पण सावकाश. ती आठ नंबरच्या वॉर्डात एकोणीस दिवस होती. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज तीन गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि दर महिन्याला वजन करून जायचं. वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर गोळ्या दोनवर आणाव्या लागतील आणि पुन्हा दाखल करून काही दिवस नळीने खायला घालावं लागेल. त्या दिवशी तिचं वजन एक्कावन्न भरलं होतं.

‘‘तीन किलोंची मुभा आहे,’’ मी घरी येताना म्हणालो.

‘‘मुभा काय, अहो. परीक्षा आहे का?’’ ती म्हणाली.

माणसं तोलायचा काटा घरी आणू म्हटलं तर तिने साफ नाही म्हटलं. ‘‘महिन्यातून एकदा पुरे. मी काय बटाटे आहे, रोज काट्यावर चढायला?’’ मग मी आणला नाही. स्वयंपाकघरात पाच किलोंपर्यंतचा काटा होता, त्यावर फक्त तिचा करडा कोट तोलून ठेवला. थंडीचे दिवस, वजनाच्या खोलीत हीटर चालत नाही, ती कोट काढायची नाही हे मला माहीत होतं. कोट एक किलो तीनशे भरला.

वजनाच्या खोलीतली सिस्टर मला जुनी ओळखते. कागद हातात घेऊन म्हणाली, ‘‘काका, कोटाचं किती धरू?’’

‘‘एक किलो तीनशे.’’

ती हसली. ‘‘बाकीचे अर्धा धरा, एक धरा म्हणतात. काका म्हणजे काकाच.’’ आणि तिने लिहिलं.

मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. निवृत्त झाल्यावर माझा कुठलाच आकडा कोणी लिहून घेत नव्हतं.

त्याच सुमारास तिचे कपडे सैल झाले म्हणून ती उसव्या मास्तरांकडे गेली. दोन गाऊन, तीन ब्लाउज आणि तो कोट. गेली तेव्हा भिंतीला धरून जिना उतरली, आली तेव्हा गाणं गुणगुणत आली. कपडे अंगाबरोबर बसले होते. आरशासमोर दोनदा वळून पाहिलं तिने. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, कपडे आत घेतल्यावर माणसाला एवढा आनंद कशाचा होतो?

‘‘मास्तर म्हणाले मंगळवारी दुपारी येत जा,’’ ती म्हणाली. ‘‘चार-पाच जण येतात. सगळे आजारी.’’

‘‘येऊन करतात काय?’’

‘‘शिवतात.’’

‘‘आणि मास्तर काय देतात?’’

‘‘सुई देतात,’’ ती म्हणाली आणि हसत आत गेली.

मला हसू आलं नाही. औषधखिडकीत बसून मी एक गोष्ट शिकलो. डॉक्टर सोडून दुसऱ्या कोणाच्या दारात आजारी माणसं गोळा होऊ लागली की त्या दाराआड काहीतरी शिजत असतं. काढे, थेंब, पुड्या. माणसं माझ्या गोळ्या पिशवीत तशाच ठेवून ते थेंब घ्यायची आणि सहा महिन्यांनी स्ट्रेचरवर परत यायची. तिच्या गोळ्या मी रोज मोजायला लागलो. गोळ्या बरोबर संपत होत्या. मग मला वाटलं, बेसिनमध्ये टाकत असेल. मग ती गोळी गिळेपर्यंत मी समोर उभा राहू लागलो.

‘‘जीभ दाखवू का?’’ तिने एकदा विचारलं.

मी हो म्हणालो. तिने दाखवली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मास्तरांची माहिती तिच्याकडूनच तुकड्या-तुकड्याने मिळत गेली. पूर्वी ते मोठ्या कारखान्यात गणवेश शिवायचे, दिवसाला चाळीस बाह्या, फक्त डाव्या. उजव्या दुसरा माणूस लावायचा. मग त्यांची बायको आजारी पडली आणि वाळत गेली. कपडे अंगावर लोंबायला लागल्यावर तिने आधी आरसा सोडला, मग खिडकी, मग दार. मास्तरांनी एका रविवारी तिचे सगळे कपडे आत घेतले, अगदी झोपायचे सुद्धा. सोमवारी ती खाली भाजी आणायला उतरली. पुढे चौदा महिन्यांनी गेली. ‘‘पण चालती-फिरती गेली,’’ मास्तर म्हणायचे म्हणे. त्यानंतर त्यांनी नवीन शिवणं सोडलं.

‘‘छान गोष्ट आहे,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्हाला खोटी वाटते का?’’

‘‘मी कुठे तसं म्हणालो?’’

‘‘तुमच्या नाकाने म्हटलं,’’ ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात तिच्या तोंडात फोड आले. हाताची बोटं थरथरायला लागली. हॉस्पिटलपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता, त्यात ती तीनदा थांबली. आणखी एक गोष्ट झाली, लहानशीच, पण मला टोचली. लग्न झाल्यापासून कोट मी धरायचा आणि तिने हात घालायचे अशी आमची पद्धत होती. आता ती कोट मला धरू देईना. भिंतीकडे तोंड करून स्वतःच चढवायची. ‘‘सवय करून घेते,’’ म्हणायची. कसली सवय, ते मी विचारलं नाही.

काट्यावर कोटासकट पन्नास किलो शंभर. सिस्टरने विचारलं, मी सांगितलं, तिने लिहिलं, अठ्ठेचाळीस आठशे. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, बोटं पाहिली आणि कागद परत वाचला.

‘‘औषधाने होतं असं,’’ ते म्हणाले. ‘‘पण या वजनाला, या डोसला इतकं होऊ नये. बाहेरचं काही घेताय का?’’

‘‘छे,’’ ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. माझी खात्री झाली होती.

दोन मंगळवार नुसते विचारात गेले. तिसऱ्या मंगळवारी ती निघाल्यावर पंधरा मिनिटांनी मी एक पँट घेऊन मास्तरांकडे गेलो. पँटला काही झालेलं नव्हतं. लांबी कमी करा म्हणून सांगायचं ठरवलं होतं. दाराशी मी बराच वेळ उभा राहिलो, मला कोणाच्या दारात जायचं म्हटलं की घाम येतो. शेवटी मास्तरांनीच दार उघडलं. बुटका माणूस, गळ्यात टेप, मधल्या बोटाला धातूची टोपी.

‘‘या साहेब. पँट आखूड करायची?’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘नवरेमंडळी पहिल्यांदा येतात ती आखूड करायलाच येतात,’’ ते म्हणाले. ‘‘बसा. मंडळींचा तास संपला की बघतो.’’

पाच खुर्च्यांवर चौघं होती. माझी बायको, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एक तरुण मुलगी डोक्याला रुमाल बांधलेली आणि एक धिप्पाड म्हातारा, बसचा ड्रायव्हर होता म्हणे. पाचव्या खुर्चीवर मी. सगळ्यांचे पाय जमिनीवर सपाट. मास्तर मशीनवर बसले आणि कापड न लावताच पायडल हलवायला लागले, संथ. त्या लयीत चौघं श्वास घेत होती. दहा मिनिटं नुसतं तेवढंच. मीही घेत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं आणि मी मुद्दाम लय मोडली.

मग कपात सगळ्यांना गरम काहीतरी आलं. मी वास घेतला, एक घोट जिभेवर धरला, टाळूला लावून पाहिला. चौतीस वर्षांच्या जिभेला ते नुसतं पाणी वाटलं.

‘‘पाणीच आहे साहेब,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मागच्या खोलीत किटली आहे, बघून या हवं तर.’’

मी गेलो. किटली होती. इस्त्री होती. फळीवर बटणांचे, हुकांचे, दोऱ्यांचे डबे. एका डब्यावर लिहिलं होतं ‘शिसं’. शिसं वाचून मी थांबलो, शिसं म्हणजे विष. झाकण उघडलं तर आत बटणाएवढ्या जाड चकत्या, डब्याच्या तळाशी थोड्याच उरलेल्या.

‘‘पडद्याच्या, कोटाच्या खालच्या दुमडीत घालतात,’’ मागून मास्तर म्हणाले. ‘‘म्हणजे कापड नीट पडतं. चाटायच्या नसतात.’’

बाहेर ड्रायव्हर मोठ्याने हसला. मी झाकण परत लावलं.

त्यांचा एक नियम होता. सगळ्यांना हातशिलाईचं काम दिलेलं, कोणाला बटण, कोणाला दुमड. आजाराबद्दल बोलायचं असेल तर सुईत दोरा ओवायचा आणि तो दोरा संपेपर्यंत बोलायचं. दोरा संपला की विषय संपला. पुढच्याने ओवायचा.

‘‘ड्रायव्हरसाहेब, तुमचा दोरा केवढा,’’ शाळेच्या बाई म्हणाल्या. ‘‘पतंग उडवायचाय का?’’

‘‘माझी मूत्रपिंडंही दोन आहेत, बाई. एकेकाला अर्धा येतो.’’

सगळी हसली. माझी बायकोही हसली, तोंडात फोड असताना. मग तिने तिच्या सुईत दोरा ओवला, अगदी छोटा, चार बोटांचा. म्हणाली, ‘‘मला परत आठ नंबरमध्ये जायचं नाही.’’ तीन टाके घातले, दोरा संपला. मला वाटलं, हे तिने मला का नाही सांगितलं? आणि लगेच वाटलं, मी दोरा कुठे दिला होता?

निघताना मास्तरांनी पँट हातात दिली, न कापता. ‘‘हिची लांबी बरोबर आहे, साहेब. उगाच कशाला?’’ मग म्हणाले, ‘‘तुमच्या खिडकीवर मी चौदा महिने आलोय.’’

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला काही आठवेना. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून मला हात दिसायचे, चेहरे क्वचित.

‘‘तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कसं आहे म्हणून.’’

‘‘रांग असायची,’’ मी म्हणालो.

‘‘बरं केलंत. विचारलं असतंत तर मी तिथेच रडत बसलो असतो.’’

त्या बोलण्यात राग होता की नव्हता, हे मी घरी जाईपर्यंत ठरवत होतो. रात्रीपर्यंत माझं ठरलं की होता. माझ्या खिडकीचा राग तो माणूस माझ्या बायकोवर काढत असला पाहिजे. आज हे लिहिताना लाज वाटते. त्या दिवशी मात्र सगळं जुळत होतं.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, ती झोपली होती. दाराकडे धाडकन आवाज झाला. जाऊन पाहतो तर भिंतीतली खुंटी स्क्रूसकट उपटून आलेली आणि करडा कोट जमिनीवर. मी तो एका हाताने उचलायला गेलो आणि हात खाली राहिला.

कोट काट्यावर ठेवला. चार किलो दोनशे.

मी खुर्चीत बसलो. आकडेमोड करायची गरजच नव्हती, ती आपोआप झाली. पन्नास शंभरमधून चार दोनशे गेले, पंचेचाळीस किलो नऊशे. म्हणजे केव्हाची ती अठ्ठेचाळीसच्या खाली होती आणि तीन गोळ्या गिळत होती, माझ्या डोळ्यांदेखत, जीभ दाखवून. ते फोड कोणाच्या थेंबांनी आलेले नव्हते. ते माझ्या एक किलो तीनशेने आलेले होते.

कोट खांद्यावर टाकून मी मास्तरांकडे गेलो. दुकानात कोणी नव्हतं. कोट त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘‘हा तुम्ही दुरुस्त केलात?’’

त्यांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. खालची दुमड बोटांनी चाचपत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

‘‘चार मी घातल्या,’’ ते म्हणाले. ‘‘अंग वाळलेलं असलं की कोट पाठीवर फुगतो. चार चकत्यांनी खाली बसतो. सगळ्यांना घालतो मी.’’

‘‘एक चकती किती ग्रॅमची?’’

‘‘पन्नास.’’

‘‘कोट दोन किलो नऊशेने वाढलाय. मग इथे अठ्ठावन्न आहेत.’’

त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. ‘‘डबा रिकामा होत होता ते दिसत होतं मला,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘कोण नेतंय ते विचारलं नाही. आजारी माणसाने इथून काही उचललं तर मी विचारत नाही.’’

‘‘का विचारत नाही?’’

‘‘त्यांना दिवसभर सगळे विचारतच असतात, साहेब.’’

मला संताप आला. माझा आवाज चढत नाही, पण त्या दिवशी चढला. ‘‘उसवा,’’ मी म्हणालो. ‘‘आत्ता, माझ्यासमोर.’’

‘‘कोट वहिनींचा आहे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘त्या सांगतील तेव्हा उसवीन. त्यांच्या पाठीमागे एक टाका काढणार नाही.’’

मी पुष्कळ बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. ते ऐकत उभे राहिले आणि शेवटी कोट घडी घालून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, एखादं मूल द्यावं तसा.

घरी आलो तर ती पलंगावर उठून बसली होती. माझ्या हातातला कोट तिने पाहिला, भिंतीतलं भोक पाहिलं.

‘‘तोललात?’’ तिने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘वाटलंच.’’ ती थोडा वेळ पांघरुणाची कड दुमडत राहिली. ‘‘शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नळी लावली होती. आधी त्या मला जावयाच्या गोष्टी सांगायच्या. नळी लावल्यावर नुसतं छताकडे बघायला लागल्या. मला तसं व्हायचं नाही. आणि तुम्ही इथे एकटे. साधं अंडं उकडता येत नाही तुम्हाला.’’

‘‘येतं.’’

‘‘पाणी उडून जाईपर्यंत उकडता.’’

‘‘तोंडातले फोड जास्त गोळ्यांचे आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘पंचेचाळीस किलोंना तीन गोळ्या जड होतात. असंच चालू ठेवलं तर फोडांवर भागणार नाही. मला हे आधी कळायला हवं होतं.’’

‘‘कळलं असतं तर तुम्ही त्यांना सांगितलं असतंत.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणून,’’ ती म्हणाली.

‘‘मास्तरांना माहीत होतं?’’

‘‘त्यांचं नाव यात आणू नका,’’ ती पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन. मग माझा हात धरला. ‘‘गुरुवारी वजनाच्या वेळी तुम्ही काही बोलायचं नाही. शब्द द्या. मी पुढच्या महिन्यात खाईन नीट. भरून काढीन.’’

मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं ती होकार धरते, चाळीस वर्षं आमच्यात तसंच चालत आलं आहे. या वेळी तो होकार नव्हता. पण नकारही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढचे पाच दिवस रात्री तिसरी गोळी तिच्या हातावर ठेवताना माझा हात थांबायचा. ठेवली नाही तर मी डॉक्टर झालो, ठेवली तर मी कोण? पहिल्या रात्री ठेवली. पुढच्या चार रात्री डबी सापडत नाही असं म्हणालो. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.

गुरुवारी तिने कोट घातला. भिंतीकडे तोंड करून, स्वतः. रस्त्यात चारदा थांबली. चौथ्यांदा मी म्हणालो, ‘‘कोट मी घेऊ का हातात?’’ तिने मान हलवली.

वजनाच्या खोलीत हीटर बंदच होता. ती काट्यावर चढली. एकोणपन्नास नऊशे. सिस्टरने पेन उघडलं.

‘‘काका, कोटाचं तेच ना? एक तीनशे?’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती डोळ्यांनी विनवेल, तसं काही नव्हतं. नुसती पाहत होती, डॉक्टर कागद वाचत असताना आपण पाहतो तशी. मी एवढंच म्हटलं असतं की हो, तर ती हसली असती आणि आम्ही घरी गेलो असतो. चौतीस वर्षांत मला कोणी वजन विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही असं झालेलं नव्हतं.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘कोट काढायला सांग.’’

सिस्टर चमकली. ‘‘काका, गारठा आहे.’’

‘‘काढायला सांग.’’

बायको काट्यावर तशीच उभी होती. मग तिने एक-एक बटण काढलं. बोटं थरथरत होती म्हणून वेळ लागला. कोट काढला आणि हात पुढे करणाऱ्या सिस्टरला न देता माझ्याकडे दिला. माझा हात खाली गेला, दुमड खुर्चीच्या पायाला लागून खणकन वाजली. सिस्टरने कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. पंचेचाळीस सातशे.

‘‘लिही,’’ बायको म्हणाली. सिस्टरला म्हणाली, पण माझ्याकडे पाहून.

त्याच दिवशी तिला दाखल केलं, आठ नंबरमध्येच. गोळ्या दोन झाल्या. नळी पाच दिवस होती. त्या पाच दिवसांत ती छताकडे पाहत होती हे खरं आहे, आणि मी बाजूला बसून हवेत पाय हलवत होतो हेही खरं आहे. पायडलच्या लयीत, संथ. ती त्या लयीत श्वास घेत होती की झोपली होती, मला सांगता येणार नाही. सहाव्या दिवशी म्हणाली, ‘‘फार जोरात चालवताय मशीन.’’ बोलली, एवढं मला पुरलं. तेरा दिवसांनी घरी आलो. फोड गेले होते.

पुढच्या मंगळवारी ती मास्तरांकडे गेली, मीही गेलो. तिने कोट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मास्तर, उसवा.’’

मास्तरांनी एक पातं मला दिलं. ओढायचं नाही, दर तिसरा टाका कापायचा, मग दोरा आपणहून निघतो, एवढं शिकवलं. उजवी बाजू मी घेतली, डावी त्यांनी. बायकोचे टाके मला ओळखू येतात, चाळीस वर्षं माझी बटणं तिनेच लावली आहेत. तिरपे, दुहेरी दोऱ्याचे, गाठ मोठी. उजवी बाजू सगळी तशी होती. चकत्या ताटलीत पडत होत्या आणि ड्रायव्हर मोठ्याने मोजत होता.

‘‘अठ्ठावन्न,’’ तो शेवटी म्हणाला. माझा हिशोब बरोबर निघाला याचा मला आनंद झाला आणि आनंद झाला याची लाज वाटली.

‘‘इतक्या?’’ बायको म्हणाली. ‘‘मी तर चाळीसएक घातल्या असतील.’’

मी डाव्या बाजूकडे पाहिलं. मास्तरांनी तिथलं काम माझ्या आधी संपवलं होतं, पण कापलेले दोरे टेबलावर पडलेले होते. बारीक, एकेरी, सगळे एका लांबीचे. मी चकत्यांच्या रिकाम्या जागा मोजल्या. सोळा.

त्या दिवशी मी सुईत दोरा ओवला. पहिल्यांदाच. हाताभराचा घेतला.

‘‘मास्तर,’’ मी म्हणालो, ‘‘तुम्ही चार म्हणाला होतात.’’

दुकानात सगळे आपापल्या कापडाकडे पाहत होते. मास्तरांनी बोटावरची टोपी फिरवली.

‘‘कोट तिरका पडत होता,’’ ते म्हणाले. ‘‘वहिनींनी सगळ्या एकाच बाजूला घातल्या होत्या. तसा तिरका कोट घालून बाईमाणूस रस्त्याने जाणार? मला बघवेना.’’

म्हणजे त्यांना माहीत होतं. सोळातल्या सुरुवातीच्या चार सोडल्या तर बारा चकत्या, म्हणजे सहाशे ग्रॅम. सहाशे ग्रॅमने काय बिघडलं असतं आणि काय नसतं, याचं गणित मी अनेकदा मांडलं आहे आणि दरवेळी माझा एक किलो तीनशे मध्ये येतो. मी टाके घालत राहिलो. दोरा संपला. पुढचा ड्रायव्हरने ओवला, नेहमीसारखा लांब.

बायको अजून मंगळवारी जाते. गेल्या महिन्यात वजन कोटाविना सत्तेचाळीस चारशे भरलं. मास्तरांनी तिच्या गाऊनच्या शिवणी बोटभर सोडल्या, आत घेताना त्यांनी कापड कापलेलं नव्हतं. मीही जातो, बटणं लावतो, वाईट लावतो. पण महिन्यातून एकदा, हॉस्पिटलला जायच्या आधी, स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून दुकानात नेतो आणि कोट मास्तरांच्या टेबलावर, त्यांच्यासमोर तोलतो. ते मशीन थांबवतात आणि चष्मा पुढे ओढून पाहतात.

‘‘भरला का, साहेब?’’

‘‘एक किलो तीनशे.’’

‘‘परत एकदा ठेवा,’’ ते म्हणतात, आणि मी ठेवतो.